चिलखती गाडीची धाव

चिलखती गाड्यांच्या इतिहासांत पोलादाचें आणि तोफांचें वर्णन भरपूर असतें. चाकाच्या रबराकडे कोणी पाहत नाहीं. वस्तुतः गाडीचें मर्म तेथेंच. १९१६ सालीं ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनीं रोल्स-रॉइस चिलखती गाड्या लिबियाच्या वाळवंटांत घालून बीर हकीम येथें ‘तारा’ जहाजावरील कैदी सोडविले, तेव्हां त्या गाड्या हवेच्या टायरांवरच धांवत होत्या; गोळी लागली कीं चाक बसे. दुसऱ्या महायुद्धांतील डेमलर ‘डिंगो’ या टेहळणीच्या गाडीला मात्र जादा चाकच नव्हतें. तिच्या टायराचें रबर इतकें जाड कीं गोळीनें भोंक पडलें तरी तें भार पेली. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टीस आपण ‘धाव’ म्हणतों. तें नांव या टायरालाच अधिक शोभतें! पण ही निर्भयता फुकटची नव्हे. हादरे वाढत, आणि हवा गेलेला जाड टायर फार धांवविला तर तापून आंतून फाटे. शिवाय असा ताठ टायर नुसत्या पहारीनें निघणें कठीण. म्हणून लष्करी गाड्यांचें चाकच पुष्कळदां दोन भागांचें करून बोल्टांनीं जोडीत. टायरांत हवा असतांना ते बोल्ट सैल केले, तर चाकाचा अर्धा भाग उसळून कारागिराचा जीव घेई. त्यामुळें हवा पुरती गेल्याची खात्री करूनच शहाणा कारागीर पान्याला हात घाली.