लीलावतीतील सप्तभुज

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या नव्याने शिकणाऱ्या मुलापुढे लवकरच एक साधा प्रश्न उभा राहतो. पडद्यावर वर्तुळ आहे. त्यात नेमका बसेल असा पंचकोन काढावयाचा आहे. तर त्याची बाजू किती घ्यावी?

हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आलेला नाही. इ. स. ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त तो घेतला आणि त्रिभुजापासून नवभुजापर्यंत सात आकृतींसाठी सात अंक सांगून ठेविले. व्यासास त्या अंकाने गुणावे व १,२०,००० ने भागावे, की बाजू हाती येते. त्रिभुजासाठी १,०३,९२३, पंचभुजासाठी ७०,५३४, षड्भुजासाठी ६०,०००. षड्भुजाची बाजू त्रिज्येइतकीच भरते, हे कंपास हाती धरलेल्या कोणासही ठाऊक असते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठास दिलेल्या दानाची नोंद आहे; हे अंक पोथीतच पडून राहिले नाहीत.

या अंकांच्या मुळाशी ज्या आहे. केंद्रापासून बाजूच्या दोन्ही टोकांना रेषा काढाव्या. पंचभुजात त्यांच्यामधील कोन ७२ अंशांचा होतो. त्याच्या निम्म्याची, म्हणजे ३६ अंशांची, आजच्या परिभाषेतील ज्या व्यासाने गुणिली की बाजू मिळते.

सप्तभुजाचा अंक मात्र किंचित उणा आहे. ५२,०५५ घेतला तर २,००० व्यासाच्या वर्तुळात बाजू ८६७.५८ येते, हवी ८६७.७७. तरी पडद्यावर एक हजार ठिपके व्यासाचे वर्तुळ घेऊन या मापाच्या सात बाजू ओळीने मांडल्या, तर शेवटी उरणारी फट एका ठिपक्याहूनही लहान असते. बाराव्या शतकातील अंकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते द्यावे?

१९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आले. त्याला ‘इतके पुढे जा, इतके वळ’ एवढेच सांगावयाचे. ३६० ला बाजूंच्या संख्येने भागून येईल तितके अंश दर कोपऱ्यावर वळविले की आकृती पुरी होते. ज्येवाचून काम भागले, असे मुलास वाटते. आणि बाजू मनास येईल ती घ्यावयाची असेल तोवर ते खरेही आहे. पण तीच आकृती ठरलेल्या वर्तुळात बसविण्याची वेळ आली की भास्कराचार्यांच्या दारी जावे लागते.

कासव सोडून मूल स्वतः बिंदूंची स्थाने काढू लागले म्हणजे निराळीच अडचण येते. मध्यापासून आडवे अंतर कोटिज्येने, उभे अंतर ज्येने मिळते, हे त्यास पटते. परंतु कोनाच्या जागी ७२ लिहिताच बिंदू भलत्याच ठिकाणी पडतात. बहुतेक संगणकभाषा कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजतात. ‘पायने गुणा, १८० ने भागा’ असा मंत्र देऊन पुष्कळ शिकविणारे पुढे निघून जातात. ही घाई बरी नव्हे, कारण येथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त परीघ २१,६०० कलांचा आणि त्रिज्या ३,४३८ कलांची धरली आहे, म्हणजे कंस आणि सरळ रेषा दोन्ही एकाच मापाने मोजल्या आहेत. त्यामुळे चोवीस ज्यांपैकी पहिली ज्या २२५ कला येते आणि तिचा कंसही २२५ कलांचाच असतो. परिघावर त्रिज्येइतकाच, ३,४३८ कलांचा, कंस घेतला तर केंद्राशी ५७ अंश १८ कलांचा कोन होतो. तोच संगणकाचा एक रेडियन.