वृद्धांचा आधार : भिक्षा नव्हे, हक्क

निवृत्तिवेतन हें पूर्वीं सरकारी नोकरांचें. किन्हवलीकडील शेतकरी व मजूर यांचें म्हातारपण मुलांवर आणि गांवाच्या दयेवर अवलंबून असे. 1950 सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 41 व्या कलमानें वार्धक्यांत साहाय्य करणें हें राज्याचें कर्तव्य ठरविलें. तें प्रत्यक्षांत उतरण्यास मात्र काळ लागला. 1980 सालीं महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. 15 ऑगस्ट 1995 पासून केंद्राचें वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झालें, तें दरमहा अवघे 75 रुपये. राज्याच्या श्रावणबाळ योजनेंत 65 वर्षांवरील निराधारांस 2019 सालीं दरमहा 1,000 व 2023 सालीं 1,500 रुपये ठरले.

परंतु त्यासाठीं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षास 21,000, म्हणजे महिन्यास 1,750 रुपये! शिवाय वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, शहापूरच्या तहसील कचेरींत अर्ज आणि पुढें दरवर्षीं हयातीचा दाखला हीं आलींच. एक कागद राहिला कीं पैसा अडतो; निरक्षर म्हाताऱ्यास हक्क असूनही रित्या हातानें परतावें लागतें.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, शिकलेल्या प्रत्येक तरुणानें शेजारच्या एका तरी वृद्धाचा अर्ज लिहून द्यावा व त्याजबरोबर कचेरीपर्यंत जावें. दिलेलें दान दोन दिवस पुरतें. मिळवून दिलेला हक्क दरमहा घरीं येतो.