दंशाची वेळ : कोरी

हा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. तांबडा विंचू चावल्यावर शरीरात तासागणिक काय होत जातं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नोंदवून ठेवलं. त्यावर बेतलेली पोलादपूरकडच्या एका वाडीतली ही रात्र.

8.30. पडवीतलं सरपण काढताना बोटाला दंश. घड्याळाकडे कुणी बघत नाही.

9.00. उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ. ‘उलटी झाली, विष पडलं,’ कुणीतरी म्हणतं. खरं तर ही विष अंगात भिनल्याची पहिली खूण.

10.45. आरोग्य केंद्र. केसपेपरवर नाव, वय, गाव, ‘विंचूदंश’. दंशाची वेळ कोरी. उलटी कधी झाली, कोरं. रक्तदाब, कोरा. बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या केंद्रात आले, तेव्हा असे गंभीर रुग्ण चारात एक दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं आणि वेळा टिपल्या. 1982 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन हे औषध वापरात आलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. हे सगळं ज्या रकान्यांतून उभं राहिलं, तेच रकाने आज मोकळे सोडले जातात, याचा मला मनस्वी राग येतो.

11.15. एक गोळी देऊन ‘महाडला न्या’. चिठ्ठीवर एवढंच : ‘प्राथमिक उपचार दिले.’

12.30. महाड. हातपाय गार, धाप लागलेली.

‘कधी चावला?’

‘जेवणं व्हायची होती, डॉक्टरसाहेब.’

‘गोळी कसली दिली? किती वाजता?’

‘पांढरी होती... बारीक.’

प्राझोसिनच्या पहिल्या गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं. दुसरी कधी द्यायची, ते पहिलीच्या वेळेवर ठरतं. प्रतिविषही लवकर दिलेलं बरं. महाडमधल्याच रुग्णांवरचा अभ्यास 2011 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला : प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्यांपैकी 91 टक्के दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवरचे 23 टक्के.

1.10. खोकला. ओठांवर गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरलंय.

1.25. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी केंद्राला फोन केला. गोळी देणाऱ्याची पाळी बाराला संपली, आणि तिथल्या रजिस्टरमध्येही वेळ लिहिलेली नाही.