वरचा जेट, खालचा जेट

गेल्या महिन्यात आमच्या युनिटमधल्या एका कॅप्टनने सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतली. पोरगा कराडचा, गाड्यांचा वेडा. चंदीगडहून गाडी लेहला आणली आणि दुसऱ्याच दिवशी तोंड पाडून माझ्या ऑफिसात आला. म्हणाला, "सर, पिकअपला पिकअपच नाही! खालून उठतच नाही."

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि खारदुंगला जवळजवळ निम्मा. माणूस जिथे दोन जिने चढून धापा टाकतो, तिथे इंजिनाने तरी काय करावं? पण कॅप्टनसाहेबांनी इलाज आधीच शोधून ठेवले होते, आणि ते दोन होते. एक, तयार ट्यूनचं यंत्र. ते गाडीच्या पोर्टला लावायचं, आत आधीच भरलेल्या तीन-चार फाइलींपैकी एक निवडायची आणि काम झालं. दुसरा, कस्टम रिमॅप. गाडी पुण्याला न्यायची, तिथे रोलरवर पळवून एक माणूस खास तिच्यासाठी फाइल लिहील. खर्च जास्त, पण "सर, ती फक्त माझ्या गाडीची असेल."

"सांगा सर, कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, दोन दिवस दे. त्याला वाटलं असेल, सरांना नेटवर वाचायचं असेल. खरं म्हणजे मला वीस वर्षांपूर्वीची एक सही आठवली होती. पण त्या सहीकडे जायच्या आधी थोडा इतिहास सांगतो, कारण हा प्रश्न कॅप्टनच्या पिकअपपेक्षा बराच जुना आहे.

इंजिन हवा मापाने ओढतं, पण ताकद मिळते ती हवेच्या वजनातून. डोंगरावर माप तेवढंच राहतं आणि वजन घटतं. ढोबळ हिशेब असा की टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं. हे सगळ्यात आधी जिवावर बेतलं ते पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या. त्यावर दोन उत्तरं निघाली, आणि दोन्ही आजच्या चर्चेत जशीच्या तशी हजर आहेत.

जर्मनांचं उत्तर होतं बीएमडब्ल्यूचं १९१७ चं तिसऱ्या क्रमांकाचं इंजिन. मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याने ते मुद्दाम उंचीसाठीच बांधलं. कॉम्प्रेशन वाढवलेलं, कार्बोरेटर उंचीवरच्या विरळ हवेच्या हिशेबाने केलेला. १९१८ मध्ये ते फोकर डी-सात विमानात बसलं आणि वरच्या हवेत ते विमान भारी पडू लागलं. पण अट अशी होती की कमी उंचीवर वैमानिकाने थ्रॉटल पूर्ण उघडायचा नाही. खालच्या दाट हवेत तो पूर्ण उघडला तर स्फोट अवेळी होऊन इंजिन स्वतःलाच ठोकून काढायचं. म्हणजे इंजिन उत्तम, पण एका ठिकाणासाठी. दुसऱ्या ठिकाणी त्याला सांभाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या डोक्यावर. हे झालं कस्टम.

अमेरिकनांनी दुसरा रस्ता धरला. १९१८ मध्येच जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरचं विमानाचं इंजिन चक्क ट्रकवर बांधलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, ४,३०० मीटरवर नेलं. पायथ्यापासून दूर, सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३० वर आलं. मग त्याच्याच धुरावर फिरणारा टर्बो जोडला आणि तिथेच ३५६ मिळाले. इंजिनाला उंचीप्रमाणे बदलण्याऐवजी त्याला सगळीकडे सपाटीसारखीच हवा पुरवायची, हा त्यातला विचार. आज प्रत्येक डिझेल पिकअपच्या बॉनेटखाली तोच विचार शिट्टी वाजवत फिरत असतो.

आता आमच्या फौजेकडे येतो. टर्बो आमच्यापर्यंत उशिरा पोचला. माझ्या सुरुवातीच्या काळात युनिटची लाडकी गाडी होती जोंगा. निसानच्या परवान्याने जबलपूरला १९६९ पासून जवळजवळ तीस वर्षं बनलेली, सहा सिलिंडरची, चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन. तिच्या कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक छोटा तुकडा असतो, मध्ये बारीक भोक. तो जेट. त्या भोकातून किती पेट्रोल जायचं ते ठरतं. डोंगरावर हवा हलकी होते पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मग गाडी काळा धूर ओकते, प्लग काजळतात, चढावर दम सोडते. इलाज सोपा: जरा लहान भोकाचा जेट घालायचा. गाडी पुन्हा हसायला लागते.

२००३ साली मी लेफ्टनंट होतो, कमिशन मिळून वर्षच झालेलं. जागेचं नाव लिहीत नाही, तीन हजार मीटरच्या वर होती एवढं पुरे. युनिटचा एमटीओ, म्हणजे गाड्यांचा अधिकारी, ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडलेली. खडकवासला आणि डेहराडून मिळून चार वर्षांत मला पुष्कळ काही शिकवलं होतं, पण जेट नव्हे. ते सगळं आमचा एमटी हवालदार बघायचा. हरियाणाचा, मिशीवाला, इंजिनाला कान लावून आजार सांगणारा. त्याने प्रत्येक जोंगाला तिच्या स्वभावाप्रमाणे जेट बसवले होते. आमच्या गाड्या सगळ्या सेक्टरमध्ये वाखाणल्या जायच्या आणि त्याचं श्रेय मी बिनदिक्कत घ्यायचो.

जून महिन्यात एका नायकाला घरून निरोप आला. वडील अत्यवस्थ. गाव ओडिशात. रजा तासाभरात मंजूर झाली, जम्मूहून दुसऱ्या दिवशीची गाडी पकडायची होती. कॉन्व्हॉय त्या दिवशी नव्हता. सीओंनी सांगितलं, जोंगा द्या. निघण्याआधीची तपासणी मीच केली. टायर, ब्रेक, तेल, पाणी, स्टेपनी. सगळ्यावर टिक, खाली माझी सही.

झोजिला उतरली, श्रीनगर गेलं, बनिहालचा बोगदा गेला. रामबनच्या पुढे, बटोटच्या चढावर, दुपारच्या उन्हात गाडी खोकायला लागली. ड्रायव्हरने थांबून पाणी घातलं, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. शेवटी ती बसली ती बसलीच. नंतर वर्कशॉपने उघडलं तेव्हा दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेले होते. कारण सरळ होतं. डोंगरावरचा लहान जेट तसाच होता. खालच्या दाट हवेला पेट्रोल कमी पडलं, मिश्रण लीन झालं, इंजिन तापत गेलं आणि भर चढावर जळलं.

नायकाची ट्रेन चुकली. पुढची मिळाली चोवीस तासांनी. तो घरी पोचला त्याच्या आदल्या संध्याकाळी वडिलांचे अंत्यसंस्कार झाले होते.

अॅडज्युटंटने कार डायरी मागवली. तिच्यात जेट बदलल्याची एकही नोंद नव्हती. खालचा जेट कुठे आहे? तो होता हवालदाराच्या ट्रंकेत, विड्यांच्या रिकाम्या डबीत, कापसात नीट गुंडाळलेला. इतर वेळी गाडी खाली जायची असली की तो स्वतः आदल्या रात्री जेट बदलायचा. त्या आठवड्यात तो रजेवर होता. सेटिंग गाडीत होतं, माहिती माणसात होती, आणि माणूस रोहतकला होता.

परतल्यावर हवालदार माझ्यासमोर सावधान उभा राहून म्हणाला, "साब, गलती मेरी है।" ती त्याची नव्हतीच. त्याने गाडी चांगली केली होती. ती चांगली कशी केली हे विचारणं माझं काम होतं, आणि मी विचारलं नव्हतं. नायक रजेहून परत आला तेव्हा त्याने मला नेहमीसारखाच सॅल्यूट ठोकला. तक्रार केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मला फौजेचं एक गणित कळलं, जे तोवर मला मठ्ठपणा वाटायचं. फौज सगळं सरासरी का ठेवते? ईएमई कोअर १९४३ मध्ये उभी राहिली ती युद्धाच्या धबडग्यात, जिथे आज आसामात असलेली गाडी उद्या दुसऱ्याच मुलखात, दुसऱ्याच ड्रायव्हरच्या हाती असायची. अशा ठिकाणी कारखान्याचं सेटिंग हे कुठेच सर्वोत्तम नसतं, पण कुठेच दगाही देत नाही. कुठलाही कारागीर पुस्तक उघडून ती गाडी ओळखू शकतो. आपण बदलीवर जाणारी माणसं, आपल्या गाड्याही बदलीवर जाणाऱ्या.

जेटचा जमाना गेला. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली आणि इंधन व ठिणगी दोन्हींचा हिशेब एका छोट्या संगणकाकडे गेला. मग लोक जेटऐवजी चिप बदलू लागले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ठरावीक पद्धतीचा निदान-पोर्ट सक्तीचा झाला, आणि हळूहळू त्याच दारातून फाइल आत घालणं सोपं झालं. तिथल्या मोठ्या डिझेल पिकअपवाल्यांनी हा धंदा वाढवला. ट्रेलर ओढायची एक फाइल, मायलेजची एक, रुबाबाची एक. तयार ट्यून आणि कस्टम ट्यून असे दोन पंथ तिथेच पक्के झाले. त्याचा एक काळा भागही आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज मांडला की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपमधून धूर शुद्ध करणारी यंत्रणाच काढून टाकली गेली.

दोन दिवसांनी कॅप्टनला बोलावलं आणि चहा मागवला. म्हटलं, तयार ट्यूनची एक गोष्ट मला आवडते. तीच फाइल हजारो गाड्यांत गेलेली असते, तिचे दोष लोकांना माहीत असतात, आणि चांगलं यंत्र आधी मूळ फाइल जपून ठेवतं. म्हणजे खालचा जेट डबीत नाही, यंत्रात असतो. पण ती फाइल कुणासाठी लिहिली? अमेरिकेत डिझेलचा सीटेन किमान ४० असतो, आपल्याकडे बीएस-६ डिझेलला किमान ५१. हवा वेगळी, इंधन वेगळं, रस्ता वेगळा.

"म्हणून तर कस्टम, सर!"

"पुणं किती उंचीवर आहे?"

तो गप्प झाला. पुणं साडेपाचशे मीटरवर. तिथल्या रोलरवर लिहिलेली फाइल खारदुंगला कधी गेलेलीच नसते. विरळ हवेत तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. कंपनीची फाइल बॅरोमीटर बघून वेळीच इंधन कमी करते, म्हणून तर गाडी इथे सुस्त वाटते. ती सुस्ती आजार नाही, तो टर्बोला सांभाळणारा पहारेकरी आहे. ट्यूनरने ताकदीसाठी त्या पहारेकऱ्याला बाजूला केलं तर डिझेल जास्त आणि हवा कमी, एक्झॉस्ट तापणार, टर्बो मर्यादेबाहेर फिरणार. कस्टम म्हणजे गाडीच्या मापाचं एवढंच नव्हे, रस्त्याच्याही मापाचं हवं. ट्यूनर इथे येऊन, तुझ्या शेजारी बसून, खारदुंगच्या चढावर आकडे नोंदवणार असेल तर कस्टम घे. शिंप्याने माप न घेता शिवलेला कोट दुकानातल्या तयार कोटापेक्षा बरा कसा?

शिवाय कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात चालणार नाही. गणवेशातल्या माणसाने तरी ते आधी तपासावं. विमा कंपनी तर अपघातानंतर तपासेलच.

"म्हणजे काहीच करू नको?"

म्हटलं, एअर फिल्टर बदल, टर्बोचे पाइप कुठे फुंकर मारतात का बघ, टायरमधली हवा बघ, खालचा गिअर वापरायला शीक. पुढच्या वर्षी तुझी बदली राजस्थानात झाली तर हीच गाडी पंचेचाळीस अंशात चालवायची आहेस. तरीही ट्यून केलंस, तर तीन गोष्टी कर. मूळ फाइल दोन ठिकाणी जप. कुठली फाइल, कधी, कुणी घातली ते गाडीच्या कागदांत लिहून ठेव. आणि गाडी विकशील तेव्हा तो कागद घेणाऱ्याला दे.

एअर फिल्टर काढला तेव्हा त्यातून वाटीभर धूळ निघाली. एक पाइपही सैल होता. गाडी आता बऱ्यापैकी उठते. ट्यूनचं त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. त्याचं इंजिन, त्याचा निर्णय.

आमच्या एमटी शेडमध्ये मात्र माझी एक जुनी सवय अजून चालते. कुठल्याही गाडीत कारखान्याच्या पुस्तकाबाहेरचं काही केलं की स्टिअरिंगला पत्र्याचा एक बिल्ला तारेने बांधायचा. काय बदललं, कधी, आणि किती उंचीच्या खाली जाण्याआधी उलटं करायचं. नवे ड्रायव्हर त्याला हसतात. मी बिल्ला वाचल्याशिवाय सही करत नाही.