काळा उन्हाळा (ऑस्ट्रेलिया, २०१९-२०) : वणवे, धूर आणि हवामान

ऑस्ट्रेलियात २०१९ च्या हिवाळ्याअखेरीस सुरू होऊन २०२० च्या मार्चपर्यंत धुमसत राहिलेल्या वणव्यांच्या मालिकेला ‘ब्लॅक समर’, म्हणजे काळा उन्हाळा, असे म्हटले जाते. देशभरात मिळून २.४ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशांपेक्षाही हे जास्त भरते. आगीत ३३ माणसे दगावली आणि तीन हजारांवर घरे खाक झाली. जळालेल्या क्षेत्रातला बराच भाग उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाचा होता. तिथे आग लागणे हे वर्षाच्या रहाटीतलेच आहे. खरा घाला पडला तो न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांतल्या घनदाट निलगिरी जंगलांवर. वणवा हवामानामुळे भडकतो हे जुनेच ज्ञान आहे. वणवा स्वतः हवामान घडवतो, आणि त्याचा धूर अर्ध्या पृथ्वीच्या वातावरणात महिनोन्‌महिने ढवळाढवळ करू शकतो, हे मात्र या एका हंगामाने मोजमापासह दाखवून दिले. म्हणून त्याची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते.

ठिणगी पडण्याआधीच जमीन तयार झाली होती. २०१७ पासून आग्नेय ऑस्ट्रेलियात पावसाने ओढ दिली होती. २०१९ हे त्या देशाच्या नोंदींतले सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले: सरासरी तापमान १९६१-९० च्या सरासरीपेक्षा १.५२ अंश सेल्सियसने जास्त, पाऊस सुमारे ४० टक्क्यांनी कमी. त्या वर्षी हिंद महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड राहिला होता. हवामानशास्त्रज्ञ याला इंडियन ओशन डायपोलची धन अवस्था म्हणतात. या अवस्थेत पाऊस आफ्रिका आणि भारताच्या बाजूला झुकतो आणि ऑस्ट्रेलिया कोरडा पडतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे वर्ष वेगळ्याच कारणासाठी आठवत असेल. मान्सूनने माघारीला सुरुवात केली तीच ९ ऑक्टोबरला, आणि तोवरच्या नोंदींत इतका उशीर कधी झालेला नव्हता. पाठोपाठ अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे उठली आणि काढणीला आलेले सोयाबीन, द्राक्षबागा पाण्यात गेल्या. आपल्याकडचा तो न थांबणारा पाऊस आणि तिकडचे ते न येणारे पावसाचे ढग, या दोन्हींत एकाच महासागराच्या स्थितीचा मोठा वाटा होता.

त्यात सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकावरील स्थितांबर (ढगांच्या वरचा वातावरणाचा थर) एकाएकी तापले. त्यामुळे दक्षिणेकडचे पश्चिमी वारे सरकले आणि खंडाच्या पोटातली कोरडी, तापलेली हवा पूर्व किनाऱ्याकडे येऊ लागली. १८ डिसेंबरला साऱ्या देशाचे सरासरी कमाल तापमान ४१.९ अंशांवर गेले. ४ जानेवारीला सिडनीच्या पेनरिथ उपनगरात ४८.९ अंशांची नोंद झाली. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे अशा आगपोषक हवामानाची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढली आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने पुढे काढला. हा आकडा किमान आहे, हे विसरू नये. हवामानाची प्रतिमाने उष्णतेच्या लाटा प्रत्यक्षाहून सौम्य दाखवतात, असे त्याच गटाने सांगितले होते.

सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात दिसणारा वणवा बहुधा जमिनीलगतचा असतो. वाळलेले गवत आणि पाचोळा जळतो, झाडांची खोडे होरपळतात आणि रात्रीच्या दमट हवेत आग मंदावते. निलगिरीच्या रानातली आग वेगळी. पानांत तेल असते, काही जातींची साल लांबलचक पट्ट्यांनी खोडावर लोंबत असते. आग त्या पट्ट्यांवरून शेंड्याला जाते. पेटलेली साल वाऱ्यावर उडून कित्येक किलोमीटर पुढे पडते आणि तिथे नवी आग लागते. म्हणून तिथे जाळरेषा काढून किंवा नदीच्या पात्राच्या भरवशावर आग अडतेच असे नाही. सिडनीच्या वायव्येला गॉस्पर्स माउंटन येथे २६ ऑक्टोबर २०१९ रोजी विजेने लागलेली आग अशीच वाढत गेली आणि पाच लाखांहून अधिक हेक्टर रान खाऊन फेब्रुवारीत शमली.

आगीने हवामान घडवणे म्हणजे काय, ते येथे तपशिलाने पाहिले पाहिजे. हजारो हेक्टर जंगल एकाच वेळी पेटले की तापलेली हवा प्रचंड वेगाने वर जाते आणि तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी वारा आगीकडे धावतो. वर जाणाऱ्या स्तंभात धूर आणि राख असते तशी बाष्पही असते, कारण लाकूड जळताना पाणी तयार होते. काही किलोमीटरांवर या बाष्पाचे थेंब बनू लागतात, त्यातून सुटलेली उष्णता स्तंभाला आणखी वर रेटते आणि पाहता पाहता दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा वादळी ढग उभा राहतो. शास्त्रीय भाषेत त्याला पायरोक्युम्युलोनिंबस म्हणतात. येथे त्याला अग्निमेघ म्हणू. साध्या वादळी ढगातून पाऊस पडतो, अग्निमेघातून फारसा पडत नाही. धुराचे कण इतके असंख्य असतात की उपलब्ध बाष्प त्यांच्यावर वाटले जाऊन थेंब अतिशय बारीक राहतात. ते एकमेकांत मिसळून जड होत नाहीत. वीज मात्र पडते आणि पुढच्या कोरड्या रानात नव्या आगी लावते. ढगातून खाली कोसळणारा वारा जमिनीवर आपटून सर्व दिशांना फाकतो, तेव्हा आग कोणत्या बाजूला वळेल हे कोणीच सांगू शकत नाही. ३० डिसेंबरला न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण सीमेजवळ जिंजेलिक येथे आगीनेच उठवलेल्या वावटळीने जडशीळ अग्निशमन ट्रक उलथवला आणि एका स्वयंसेवक जवानाचा बळी घेतला.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरियातील मॅलाकूटा या किनारी गावात सुमारे चार हजार रहिवासी आणि पर्यटक पाण्याच्या काठाशी येऊन थांबले होते. सकाळी आकाश काळेकुट्ट झाले आणि मग लालभडक. लोकांनी तोंडाला ओली फडकी बांधली. काही जण होड्यांत बसून राहिले. ऐन वेळी वारा फिरला म्हणून माणसे वाचली, घरे मात्र शंभरावर गेली. रस्ते बंद झाल्याने तीन दिवसांनी नौदलाने हजाराहून अधिक लोकांना समुद्रमार्गे बाहेर काढले. २९ डिसेंबर ते ४ जानेवारी या आठवड्यात आग्नेय ऑस्ट्रेलियावर अग्निमेघांचा जो उद्रेक झाला, तेवढा मोठा उद्रेक तोवर नोंदला गेला नव्हता.

धुराचे दोन मार्ग झाले. जो धूर खालच्या थरात राहिला त्याने शहरांचा श्वास कोंडला. सिडनीत कार्यालयांतले आगीचे भोंगे बाहेरच्या धुराने वाजू लागले. कॅनबेरात २१ डिसेंबरला बिग बॅश लीग या क्रिकेट स्पर्धेतला सिडनी थंडर आणि ॲडलेड स्ट्रायकर्स यांच्यातला सामना मध्येच थांबवून रद्द करावा लागला. १ जानेवारीला त्या शहराची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट होती. न्यूझीलंडच्या हिमनद्यांवर राखेचा तपकिरी थर बसला. मळलेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात धूर प्रशांत महासागर ओलांडून चिली आणि अर्जेंटिनावर पोहोचला. या धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे, म्हणजे पीएम २.५ मुळे, पूर्व ऑस्ट्रेलियात सुमारे ४१७ जादा मृत्यू झाले, तसेच हृदय आणि श्वसनाच्या विकारांनी तीन हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आगीच्या बळींहून हा आकडा बारापटींहून मोठा आहे. वणव्याच्या बातम्यांत ज्वाळा दिसतात, हे मृत्यू दिसत नाहीत. बळींच्या अधिकृत संख्येत त्यांचा समावेश सहसा होत नाही, ही गंभीर उणीव आहे.

दुसरा मार्ग वरचा. अग्निमेघांनी काही लाख टन धूर थेट स्थितांबरात फेकला, इतका की तोवर केवळ मध्यम ज्वालामुखी उद्रेकांकडूनच तशी अपेक्षा असे. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे धूर धुऊन निघत नाही. शिवाय ज्वालामुखीच्या गंधकी कणांत नसलेली एक गोष्ट या धुरात होती: काजळी. काजळी ऊन शोषते, आजूबाजूची हवा तापवते, आणि तापलेली हवा धुराला घेऊन आणखी वर जाते. असा एक धुराचा लोट सुमारे एक हजार किलोमीटर व्यासाचा भोवरा बनून स्वतःभोवती फिरत राहिला. तीन महिन्यांत त्याने ६६ हजार किलोमीटर प्रवास केला आणि तो ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला. स्थितांबरात धुराने स्वतःचे वारे निर्माण करावेत, हे शास्त्रज्ञांनाही नवे होते.

स्थितांबरातल्या या धुराचे परिणाम सहज दिसणारे नव्हते, पण यंत्रांनी ते टिपले. दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवरील स्थितांबर काही महिने सुमारे एक अंशाने तापलेले राहिले. ओझोनवरचा परिणाम अधिक चिंतेचा आहे. वातावरणातले क्लोरीन एरवी हायड्रोजन क्लोराइडसारख्या निरुपद्रवी संयुगांत अडकलेले असते. धुराच्या सेंद्रिय कणांत हे संयुग ध्रुवप्रदेशाबाहेरच्या तुलनेने उबदार हवेतही विरघळले, त्यावर रासायनिक क्रिया झाल्या आणि ओझोन तोडणारे क्लोरीन मोकळे झाले. २०२० मध्ये या पट्ट्यातला ओझोन ३ ते ५ टक्क्यांनी घटला, असे २०२३ मधील एका संशोधनाने मांडले. ओझोननाशक रसायनांवर बंधने घालणाऱ्या माँट्रियल करारामुळे ओझोनचा थर दशकानुदशके हळूहळू सावरतो आहे. वणव्यांची वारंवारता वाढली, तर हे सावरणे लांबू शकते.

जमिनीवर मात्र धुराने गारवा आणला, कारण त्याने ऊन अडवले. आग्नेय प्रशांत महासागरावर धुराच्या कणांनी ढग अधिक पांढरे आणि दाट केले, त्याखालचे पाणी थंड झाले, आणि २०२० पासून सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निना या प्रशांत महासागराच्या थंड अवस्थेला त्यातून हातभार लागला असावा, असे अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने प्रतिमानांच्या आधारे सुचवले आहे. हे मत सर्वमान्य झालेले नाही. पण ते खरे ठरले, तर ऑस्ट्रेलियाच्या रानातला धूर आपल्या मान्सूनच्या गणितातही मोजावा लागेल, कारण ला निनाच्या वर्षी भारतात पाऊस बहुधा चांगला होतो.

कार्बनचा हिशेब असाच गुंतागुंतीचा आहे. नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या तीन महिन्यांत वणव्यांनी सुमारे ७१.५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, असे उपग्रहांच्या निरीक्षणांवरून काढलेले गणित सांगते. देशातले सारे उद्योग, वाहने आणि वीजकेंद्रे मिळून वर्षभरात सोडतात त्याहून हे जास्त आहे. त्याच वेळी धुरातले लोह दक्षिण महासागरात पडले. तिथल्या पाण्यात इतर पोषकद्रव्ये भरपूर, पण लोहाचा तुटवडा असतो. परिणामी ऑस्ट्रेलिया खंडाहून मोठ्या क्षेत्रावर वनस्पतिप्लवकांचा बहर आला आणि त्याने बराच कार्बन शोषला. मात्र शोषलेला कार्बन समुद्राच्या तळाशी गेला तरच तो कायमचा वजा होतो, प्लवक मरून पृष्ठभागावरच कुजले तर तो पुन्हा हवेत येतो. त्यामुळे या बहराकडे भरपाई म्हणून पाहणे घाईचे ठरेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आला तोही धो धो. सिडनीत चार दिवसांत जवळपास ३९० मिलिमीटर पडला. बहुतेक आगी विझल्या, पण उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरची राख आणि माती नद्यांत आणि धरणांत उतरली.

जंगलांचे काय झाले? पूर्व ऑस्ट्रेलियातील समशीतोष्ण रुंदपर्णी जंगलांचा २१ टक्के भाग एकाच हंगामात जळाला. एरवी हे प्रमाण वर्षाला दोन टक्क्यांच्या आत असते. प्राण्यांबाबत तीनशे कोटींचा आकडा नेहमी दिला जातो. तो मेलेल्या आणि आसरा गमावलेल्या अशा दोन्ही प्राण्यांचा एकत्रित अंदाज आहे आणि त्यांत बहुतांश सरपटणारे प्राणी आहेत. वॉलेमी पाइन हा १९९४ मध्ये सापडलेला प्राचीन वृक्ष, ज्याची नैसर्गिक रानातली प्रौढ झाडे दोनशेहूनही कमी, एका गुप्त ठेवलेल्या घळीत विमानांनी अग्निरोधक फवारून आणि खाली तुषारसंच लावून वाचवला गेला.

बहुतेक निलगिरी जाती आगीला सरावलेल्या आहेत. जळून काळ्या पडलेल्या खोडावर सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून काही आठवड्यांतच कोवळी पालवी फुटते. काही जाती जमिनीखालच्या गाठीतून पुन्हा फुटतात. पण ऑस्ट्रेलियन आल्प्समधल्या अल्पाइन ॲश या उंच निलगिरीला ही सोय नाही. तीव्र आगीत ते झाड मरते आणि त्याचे बी राखेत रुजते. नव्या रोपाला भरपूर बी धरायला साधारण वीस वर्षे लागतात. व्हिक्टोरियात २००३, २००६-०७, २०१३ आणि मग २०२० अशा वणव्यांनी काही डोंगर पुन्हापुन्हा भाजले. मधल्या काळात उगवलेली रोपे बी धरण्याआधीच गेली. अशा ठिकाणी वन आपोआप परतत नाही, त्याची जागा झुडपे आणि गवत घेतात आणि ते आणखी लवकर पेटते. २०२० च्या हिवाळ्यात राज्याच्या वनखात्याने साठवलेले टनावारी बी हेलिकॉप्टरने या उतारांवर पेरले. हे बी उंच झाडांच्या शेंड्यांवरून हाताने गोळा करावे लागते आणि चांगला बहर दर वर्षी येत नाही. त्यामुळे बी साठवण्याचा वेग आणि आगी लागण्याचा वेग यांतले अंतर किती राहते, यावर या जंगलांचा विस्तार ठरणार आहे.