थंड झोतातले अणुगुच्छ : प्रस्तावना

ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर अशा महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना समोर ठेवून हे पुस्तक लिहिलं आहे. विषय आडवळणाचा वाटेल, पण तो आपल्याच लोकलच्या टप्प्यातला आहे.

गॅलियम तळहातावर ठेवला की वितळतो. सुमारे ३० अंश सेल्सिअस त्याला पुरतात. कण जितका लहान तितका तो लवकर वितळतो, असं आपण शिकतो. गॅलियमचे जेमतेम १७ किंवा ४० अणूंचे गुच्छ मात्र त्याहून जास्त तापमानातही घनच राहतात! प्रयोग अमेरिकेतले, पण २००४ साली त्यामागचं कारण गणिताने मांडणाऱ्यांत पुणे विद्यापीठाचे दिलीप कान्हेरे होते.

असे गुच्छ घडवायचे कसे? निष्क्रिय वायूंच्या बाबतीत युक्ती सोपी आहे. अरगॉन चांगल्या दाबाखाली भरायचा आणि मिलिमीटरहून बारीक छिद्रातून निर्वातात सोडायचा. एकमेकांवर आपटत अणू एकाच दिशेला लागतात, त्यांची सैरावैरा धावपळ सरळ वेगात बदलते. खोलीच्या तापमानाचा अरगॉन सेकंदाला ५६० मीटरच्या आसपास पळू लागतो आणि आतून गार पडतो. खच्चून भरलेल्या डोंबिवली फास्टमधली माणसं वेगाने जात असतात, पण एकमेकांच्या हिशेबात जागची हलत नाहीत, तसंच हे.

खरी गंमत पुढे आहे. दोन अणू नुसते भेटून चिकटत नाहीत. जोडी जुळताना सुटलेली ऊर्जा घेऊन जायला तिसरा अणू लागतो. म्हणून छिद्राजवळची दाटी महत्त्वाची. त्यापुढे स्किमर नावाचा, टोकाला भोक असलेला पोकळ शंकू झोताचा गाभा तेवढा पुढे जाऊ देतो. त्याची कड बोथट असली तर तिथे आघातलहर उठते आणि कमावलेली थंडी तिथेच संपते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी अरगॉनच्या अशाच गुच्छांवर तीव्र लेझर सोडून दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे विद्युतभाररहित अणू मिळवले. ते काम २०१३ साली प्रसिद्ध झालं.

विद्यार्थी लेझरपाशी रमतात आणि पंप कंटाळवाणे म्हणून सोडतात. पण छिद्रातून येणारा वायू पंपाला उपसता आला नाही, तर झोतच उरत नाही. तेव्हा विनंती एवढीच, पंपांचं प्रकरण गाळू नका.