गुणसूत्रविघातक द्रव्ये

पेशीतील गुणसूत्रे तोडणारी किंवा पेशीविभाजनात त्यांची वाटणी बिघडवणारी रसायने. तोडणाऱ्यांना क्लास्टोजेन, वाटणी बिघडवणाऱ्यांना अॅन्यूजेन म्हणतात. पहिल्यांचा घाव डीएनएवर बसतो, दुसऱ्यांचा बहुधा प्रथिनांवर.

दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण आपल्याच रानात आहे. पावसाळ्यात कोकणात नि सह्याद्रीत कुंपणावर चढलेली, लालपिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन असते. विभाजनाच्या वेळी ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचा तर्कू गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेतो. कोल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटले की नलिका वाढत नाहीत आणि गुणसूत्रे मध्येच अडकून पडतात. म्हणून कंद पोटात गेल्यास सतत विभागणाऱ्या पेशी आधी मरतात : प्रथम उलट्या-जुलाब, मग रक्तपेशींची घट, वाचलेल्या रुग्णाचे केस सुमारे दोन आठवड्यांनी गळतात. प्रयोगशाळेला मात्र हीच अडवणूक उपयोगी पडली. माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत, हे जो हिन चिओ व आल्बेर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवले, ते कोल्चिसीनने रोखलेल्या पेशींतच.

क्लास्टोजेनांचा माग युद्धवायूतून लागला. नाझी जर्मनीतून एडिंबरोला आलेल्या शार्लट आउअरबाख यांनी जे. एम. रॉब्सन यांच्यासह मस्टर्ड वायूचा परिणाम फळमाश्यांवर तपासला. क्ष-किरणांसारखीच मोडतोड आढळली. पण युद्धकालीन गुप्ततेमुळे ती १९४६ मध्येच जाहीर होऊ शकली. हा वायू डीएनएचे दोन धागे एकमेकांना टाचून टाकतो. प्रत काढताना ते सुटत नाहीत, तुटतात.

त्याच रासायनिक कुळातले सायक्लोफॉस्फमाइड आज कर्करोगावरचे मोलाचे औषध आहे. एटोपोसाइडची तऱ्हा वेगळी. डीएनएचा पीळ सोडवणारे एक विकर दोन्ही धागे क्षणभर कापून पुन्हा सांधते. हे औषध त्याला सांधू देत नाही. उघडी राहिलेली टोके कधी भलत्याच गुणसूत्राला जुळतात. ११व्या गुणसूत्रावरील अशा अदलाबदलीतून काही थोड्या रुग्णांना दोन-तीन वर्षांत रक्ताचा कर्करोग होतो. एवढ्यासाठी उपचार नाकारणे घातक ठरेल. समोरचा कर्करोग वाट पाहत नसतो. औषध कालवणाऱ्या परिचारिकेला मात्र या जोखमीच्या बदल्यात काहीच मिळत नाही. तिच्यासाठी हातमोजे व बंदिस्त कक्ष हवेतच.

इजा ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे सूक्ष्मकेंद्र. वाटणीत मागे राहिलेला तुकडा मुख्य केंद्रात न सामावता शेजारी वेगळा ठिपका होऊन राहतो. सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून काचपट्टीवर रंगवल्या, तर असे ठिपके न खाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतात. पृष्ठभागावर दिसणारी ही इजा एक ते तीन आठवड्यांपूर्वी, खालच्या विभागणाऱ्या थरात झालेली असते.